महाकायता असलेल्या व्यक्तीच्या पावलांची निगा: रुग्ण आणि घरच्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

महाकायतेचे निदान झालेल्या घरात वैद्यकीय कागदांची फाइल लवकरच जाड होते. तीत मेंदूचा एमआरआय असतो, हॉर्मोनच्या तपासण्या असतात, दृष्टीच्या तपासणीचा अहवाल असतो; पावलांविषयीचा कागद मात्र क्वचितच सापडतो. हा लेख त्या राहून गेलेल्या कागदाविषयी आहे. तो रुग्णासाठी आहे आणि तितकाच त्याच्या आईवडिलांसाठी, जोडीदारासाठी, भावंडांसाठी आहे, कारण यातील काही कामे एवढ्या उंचीच्या माणसाला एकट्याने करता येत नाहीत.

मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथीत बहुधा कर्करोग नसलेली एखादी गाठ होते आणि वाढीचे हॉर्मोन गरजेपेक्षा पुष्कळ जास्त स्रवू लागते. लांब हाडांच्या टोकांजवळील वाढीच्या कूर्चा मिटण्याआधी हे घडले तर उंची वाढत राहते, ती महाकायता. त्या मिटल्यानंतर घडले तर उंची तेवढीच राहते, पण हात, पावले आणि जबडा रुंद व जाड होत जातात. त्याला अॅक्रोमेगाली म्हणतात. महाकायतेवर वेळेत उपचार झाले नाहीत तर हे दुसरे बदलही त्याच शरीरात होतात, म्हणून पुढील जवळजवळ सर्व सूचना दोन्ही विकारांना लागू पडतात. घराण्यातच उंची असलेले निरोगी मूल, मार्फान सिंड्रोम (संयोजी ऊतकाचा एक आनुवंशिक विकार) किंवा जन्मापासून एकच बोट अथवा एकच पाऊल मोठे असणे, या वेगळ्या गोष्टी असून त्यांची तपासणी आणि उपचार वेगळे असतात.

पावलांवर एवढा भार का येतो

समजा, १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसाची सर्व बाजूंनी सारख्या प्रमाणात १.६ पट मोठी प्रतिकृती केली. तिची उंची २७२ सेंटिमीटर होईल, तळव्यांचे क्षेत्रफळ सुमारे २.६ पट होईल, पण वजन चौपटीहून थोडे अधिक होईल. म्हणजे तळव्याच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर १.६ पट दाब येईल. पाऊल मोठे असले तरी ते शरीराच्या मानाने अपुरेच पडते, ही गोष्ट मनात पक्की धरावी. मोठ्या पावलाला मोठा भार सहज पेलत असेल, या समजुतीने पुष्कळ दुर्लक्ष होते.

शिवाय हॉर्मोनमुळे पावलाची घडणच बदलते. सांध्यातील कूर्चा आधी जाड होते आणि नंतर असमान झिजते. अस्थिबंध सैल पडल्याने पावलाची कमान खाली बसते, घोटा आतल्या बाजूला कलतो आणि टाचेपासून बोटांपर्यंत जाणारा तळव्याचा पट्टा ताणला जाऊन सकाळचे पहिले पाऊल टाकताना टाच दुखते. त्वचा जाड होते आणि घाम फार येतो. नसांभोवतालचे ऊतक सुजून नसा दाबल्या जातात, शिवाय नसांनाही स्वतंत्रपणे इजा होऊ शकते. हे हॉर्मोन इन्सुलिनच्या विरुद्ध काम करत असल्याने अनेकांना मधुमेह होतो आणि त्यामुळे नसांची हानी वाढते. एकाच पावलात इतक्या गोष्टी एकत्र येत असल्याने केवळ टाचेच्या दुखण्यावर मलम लावून भागत नाही.

पहिली पायरी: मूळ आजार आटोक्यात आहे का, हे विचारावे

पावलांसाठी काहीही करण्याआधी हॉर्मोनतज्ज्ञांना, म्हणजे एंडोक्रिनॉलॉजिस्टना, एक सरळ प्रश्न विचारावा: आयजीएफ-१ (वाढीच्या हॉर्मोनच्या प्रभावाने शरीरात तयार होणारा घटक) याची रक्तातील पातळी वयाच्या मानाने योग्य मर्यादेत आली आहे का? नाकावाटे केलेली शस्त्रक्रिया, ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइडसारखी इंजेक्शने, इतर औषधे आणि किरणोपचार हे उपचारांचे मार्ग आहेत. हे उपचार केवळ लहान वयातच होतात असे नाही. द ग्रेट खली या नावाने प्रसिद्ध असलेले कुस्तीपटू दलीप सिंग राणा यांची पियुषिकेतील गाठ २०१२ मध्ये अमेरिकेत काढण्यात आली, तेव्हा ते चाळिशीच्या उंबरठ्यावर होते.

पावलांच्या दृष्टीने याचा अर्थ असा की हॉर्मोन आटोक्यात आल्यावर काही आठवड्यांत ते काही महिन्यांत मऊ ऊतकांची सूज उतरते, अंगठी सैल होते, पाऊल थोडे बारीक होते. वाढलेले हाड मात्र पूर्ववत होत नाही. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख ठरली असेल तर त्याआधी महागडे बूट बनवून घेऊ नयेत. मधल्या काळापुरते समायोजित करता येतील अशा पट्ट्यांचे साधे पादत्राण पुरेसे आहे. अंगठ्याचे हाड सरळ करण्यासारखी तातडीची नसलेली पावलाची शस्त्रक्रियाही आजार स्थिरावल्यावर करण्याचाच विचार डॉक्टरांशी बोलून करावा. याच भेटीत उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी तपासणी) तपासून घ्यावे, आणि दोन्ही पावलांवर सूज असेल तर हृदयाची तपासणी कधी झाली होती हेही विचारावे, कारण या विकारात हृदयाचा स्नायू जाड होऊन त्याचे काम बिघडू शकते.

दुसरी पायरी: संवेदना किती उरली आहे, ते पाहावे

माझ्या मते ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि नेमकी हीच बहुतेक घरांत होत नाही, कारण दुखत नाही त्याअर्थी ठीक आहे असे सर्वांना वाटते.

रॉबर्ट वॅडलो यांचे उदाहरण यासाठी लक्षात ठेवण्यासारखे आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या ऑल्टन येथे १९१८ मध्ये जन्मलेल्या या माणसाची उंची अखेरीस २७२ सेंटिमीटर झाली. खात्रीलायक नोंद असलेल्या माणसांत तेवढी उंची दुसऱ्या कोणाचीच नाही. त्यांचे पाऊल सुमारे ४७ सेंटिमीटर लांब होते. पायांत संवेदना कमी होती आणि चालण्यासाठी त्यांना ब्रेस, म्हणजे पायाला बाहेरून आधार देणारी साधने, लावावे लागत. जुलै १९४० मध्ये मिशिगनमधील मॅनिस्टी येथे एका उत्सवासाठी गेले असताना नीट न बसणाऱ्या ब्रेसमुळे घोट्यापाशी फोड आला, त्यात जंतुसंसर्ग झाला, रक्त देऊन आणि शस्त्रक्रिया करूनही तो आवरला नाही आणि १५ जुलै रोजी वयाच्या २२ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. प्रतिजैविके तेव्हा आजच्यासारखी हाताशी नव्हती हे खरे. पण ज्या पायाला घासणे जाणवत नाही, त्या पायावरचा फोड आजही उशिरानेच लक्षात येतो.

घरी करण्याजोगी तपासणी अशी आहे. व्यक्तीला आडवे झोपवून डोळे मिटायला सांगावे. घरातील दुसऱ्याने आपल्या तर्जनीच्या टोकाने तिच्या उजव्या पावलाचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना, आणि मग डाव्या पावलाच्या त्याच तीन बोटांना, क्रम बदलत, एकदाच, एक-दोन सेकंद अगदी हलका स्पर्श करावा. दाबू नये, घासू नये, टोचू नये आणि न जाणवल्यास पुन्हा स्पर्श करू नये. स्पर्श जाणवताच व्यक्तीने ‘उजवा’ किंवा ‘डावा’ म्हणावे. सहापैकी दोन किंवा अधिक स्पर्श जाणवले नाहीत, तर संवेदना कमी झाली आहे असे धरून चालावे आणि डॉक्टरांकडून दहा ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (ठरावीक दाब देणाऱ्या नायलॉनच्या तंतूने) व कंपन करणाऱ्या ट्यूनिंग फोर्कने रीतसर तपासणी करून घ्यावी. मधुमेही रुग्णांच्या पावलांसाठी असलेल्या बाह्यरुग्ण विभागात ही साधने असतात. मधुमेह नसला तरी तेथे जायला संकोच करू नये. सर्व स्पर्श जाणवले तरी ही तपासणी दर सहा महिन्यांनी पुन्हा करावी.

तळव्याला मुंग्या येणे, रात्री जळजळ होणे किंवा घोट्याच्या आतल्या बाजूला टिचकी मारल्यावर तळव्यात झिणझिण्या जाणे, या तक्रारी घोट्यापाशी नस दबल्याच्या असू शकतात. त्या वेगळ्या सांगाव्यात, कारण त्यावरचा उपचार वेगळा असतो.

तिसरी पायरी: रोज पावले पाहणे हे एका माणसाचे ठरलेले काम असावे

सव्वादोन मीटर उंचीच्या, पाठीचा कणा वाकलेल्या आणि गुडघे आखडलेल्या व्यक्तीला स्वतःचा तळवा पाहता येत नाही. आरसा जमिनीवर ठेवून पाहणे हा एक मार्ग आहे, मोबाइलने फोटो काढून पाहणे हा दुसरा. पण घरातील एका ठरावीक माणसाने रोज रात्री, चांगल्या उजेडात, दोन मिनिटे पावले पाहावीत, ही पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते. सर्वांनी मिळून लक्ष ठेवायचे ठरवले की कोणीच पाहत नाही.

बोटांच्या बेचक्या, टाचेच्या कडा, अंगठ्याच्या बुडाशी असलेला उंचवटा, करंगळीची बाहेरची बाजू आणि घोट्याची हाडे या जागा आवर्जून पाहाव्यात. लाली, फोड, ओलसर पांढरी पडलेली त्वचा, खोल भेग, नखुरडे आणि घट्ट्याखाली दिसणारा काळपट डाग शोधावा. घट्ट्याखालचा काळा डाग म्हणजे आत रक्त साकळलेले असते आणि बहुधा खाली जखम तयार होत असते. हाताच्या मागच्या बाजूने दोन्ही पावलांचे तापमान पडताळावे. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे गरम आणि सुजलेले असेल, तर दुखत नसले तरी त्यावर उभे राहू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. बधिर पावलात आतली हाडे मोडून कमान कोसळण्याची सुरुवात अशीच, फारशी वेदना न होता, होते.

चौथी पायरी: माप घेणे

दुकानात सर्वसाधारणपणे दहा-अकरा नंबरपर्यंतचे बूट मिळतात आणि त्यापुढे पर्याय झपाट्याने कमी होतात. मग जे मिळेल ते, एक नंबर लहान, पायात कोंबले जाते. नंतर दिसणाऱ्या वाकड्या बोटांचे आणि मांसात रुतलेल्या नखांचे कारण बहुतेक वेळा तेथेच असते.

माप संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभरात पाऊल सुजते. चार्ट पेपर किंवा जुन्या कॅलेंडरची पाठकोरी बाजू जमिनीवर चिकटवून त्यावर व्यक्तीला दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे करावे. बसून घेतलेले माप कमी भरते. पेन्सिल उभी धरून पावलाभोवती रेघ काढावी. मग टेपने बोटांच्या बुडाचा घेर, कमानीवरचा घेर, टाच आणि पावलाचा वरचा भाग यांना वेढणारा घेर आणि घोट्याचा घेर मोजावा. अंगठ्याची जमिनीपासूनची उंचीही मोजावी, कारण या विकारात बोटे जाड होतात आणि लांबी बरोबर असलेला बूटही वरून दाबतो. कागदावर तारीख घालून तो फाइलीत ठेवावा.

दोन्ही पावलांचे माप स्वतंत्र घ्यावे. तुर्कस्तानचे सुल्तान कोसेन यांची उंची २५१ सेंटिमीटर असून त्यांचे डावे पाऊल ३६.५ आणि उजवे ३५.५ सेंटिमीटर नोंदवले गेले आहे. आपल्याकडे चालणाऱ्या ब्रिटिश मापात एका नंबरचा फरक सुमारे साडेआठ मिलिमीटरचा असतो. म्हणजे त्यांच्या दोन पावलांत एका नंबरहून अधिक अंतर आहे.

वाढत्या मुलाचे माप दर दोन-तीन महिन्यांनी घ्यावे. उपचार पूर्ण झालेल्या प्रौढाचे वर्षातून दोनदा पुरते, पण त्याचा नंबर पुन्हा वाढत असल्याचे दिसले तर ती बुटाची अडचण समजू नये. गाठ पुन्हा सक्रिय झाल्याची ती खूण असू शकते, आणि तारखांसह ठेवलेले पावलांचे आराखडे तेव्हा डॉक्टरांच्या फार उपयोगी पडतात.

पाचवी पायरी: पादत्राण बनवून घेणे

सर्वांत लांब बोटाच्या पुढे एक ते सव्वा सेंटिमीटर जागा हवी. ती आहे का हे पाहण्यासाठी पावलाच्या आराखड्याहून पुढे एक सेंटिमीटर लांब असा पातळ पुठ्ठा कापून बुटात सरकवावा. तो दुमडला तर बूट आखूड आहे. पायाला बरा वाटतो, या उत्तरावर संवेदना कमी असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत विसंबू नये, कारण अशा पावलाला घट्ट बूटच नीट बसल्यासारखा वाटतो.

आपल्याकडे कुष्ठरोग आणि मधुमेह यांच्या रुग्णांसाठी अनेक दशके वापरात असलेली एमसीआर, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराची, पादत्राणे येथे चांगली उपयोगी पडतात. आत मऊ रबर, खाली काटा-खिळा आत येऊ न देणारा टणक तळ, रुंद समायोज्य पट्टे आणि टाचेमागे पट्टा, अशी त्यांची रचना असावी. कारागिराला दोन गोष्टी बजावून सांगाव्यात: तळ चिकटवून किंवा शिवून जोडावा, खिळे मारू नयेत, आणि आतली शिवण पावलाला लागू नये. दीडशे किलोच्या भाराखाली मऊ रबर लवकर दबून बसते, म्हणून दर महिन्याला अंगठ्याने दाबून पाहावे आणि ते वर येत नसेल तर आतली गादी बदलावी. कमान बसलेली असेल तर गादी पावलाच्या साच्यावरून बनवून घ्यावी. मुंबईत हाजी अलीजवळील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत आधारसाधने बनवण्याचा विभाग आहे. इतरत्र मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या पुनर्वसन विभागात चौकशी करावी.

कोल्हापुरी चपलेविषयी मुद्दाम लिहितो, कारण हव्या त्या मापाची चप्पल बनवून देणारे कारागीर आपल्याकडे आहेत आणि घरचे साहजिकच तो पर्याय आधी पाहतात. ज्याची संवेदना शाबूत आहे, त्याने ती समारंभापुरती जरूर वापरावी. बधिर पावलासाठी मात्र ती योग्य नाही: तळ कडक असतो, अंगठ्याची पकड घासते, मागे पट्टा नसतो आणि पायातून निसटलेली चप्पल लक्षातही येत नाही. त्याच कारागिराला मऊ तळाची, मागे पट्टा असलेली सँडल याच मापावर करून द्यायला सांगता येते.

नवे पादत्राण पहिल्या दिवशी अर्धा तास घालावे आणि काढून पाहावे. लाली वीस-तीस मिनिटांत गेली नाही तर ते दुरुस्त होईपर्यंत वापरू नये. लाली जात असेल तर रोज थोडा वेळ वाढवत न्यावा. शक्य असेल तर दोन जोड करावेत. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसाळ्यात एकच जोड असेल तर तो ओलाच घालावा लागतो आणि बेचक्यांत चिखल्या होतात. मोज्यांचाही प्रश्न खरा आहे. लहान मोजा ताणून घातला की तो बोटे वळवतो आणि पोटरीला आवळतो. होजिअरीचे मऊ सुती कापड आणून, शिवण बाहेरच्या बाजूला ठेवून, शिंप्याकडून मोजे शिवून घेणे हा स्वस्त आणि चांगला उपाय आहे.

रोजची स्वच्छता, आणि न करण्याच्या गोष्टी

पावले कोमट पाण्याने धुवावीत. पाण्याचा अंदाज दुसऱ्याच्या कोपराने घ्यावा. बेचक्या टिपून कोरड्या कराव्यात. टाचांना साधे व्हॅसलिन किंवा खोबरेल तेल लावावे, बेचक्यांत लावू नये. नखे सरळ कापावीत, कोपरे खोल कोरू नयेत. नखे फार जाड झाली असतील तर ती घरी कापण्याचा हट्ट धरू नये.

भोवरी किंवा घट्टा ब्लेडने कापू नये आणि औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कॉर्न कॅप लावू नयेत, कारण त्यातील आम्ल निरोगी त्वचाही जाळते. गरम पाण्याची पिशवी, शेक आणि शेगडीजवळ पाय धरणे बधिर पावलाला धोक्याचे आहे. भर दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालू नये. किमान जाड मोजे घालावेत. उंच माणसाला पाय पसरायला जागा मिळावी म्हणून जीपमध्ये किंवा टेंपोत पुढे बसवले जाते आणि तेथे इंजिनचे झाकण तापलेले असते. तेव्हा पाऊल कशाला टेकले आहे याकडे शेजारच्याने लक्ष द्यावे.

फोड किंवा जखम दिसली तर

फोड फोडू नये. उकळून गार केलेल्या पाण्याने किंवा सलाइनने जागा धुऊन निर्जंतुक गॉझ बांधावे. हळद, राख, टूथपेस्ट काहीही लावू नये. ज्या पादत्राणाने किंवा ब्रेसने ती झाली ते त्या क्षणापासून बंद करावे आणि त्या पायावर भार देऊ नये. संवेदना कमी असेल किंवा मधुमेह असेल तर जखम कितीही लहान दिसली तरी चोवीस तासांच्या आत डॉक्टरांना दाखवावी. लाली पसरत असेल, पू किंवा दुर्गंधी येत असेल, त्वचा काळी पडत असेल, ताप किंवा थंडी वाजून येत असेल, तर सकाळची वाट पाहू नये, रात्रीच रुग्णालयात जावे. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखू लागली तर रक्ताची गुठळी असू शकते. तेव्हाही तसेच करावे.

ब्रेस, काठी, पलंग

ब्रेस काढल्यावर प्रत्येक वेळी त्याखालची त्वचा पाहावी आणि वाढत्या मुलाचा ब्रेस दर तीन महिन्यांनी पुन्हा बसवून घ्यावा. बाजारातील काठी आणि कुबड्या अशा व्यक्तीला आखूड पडतात. आखूड काठीवर वाकून चालल्याने भार पावलाच्या पुढच्या भागावर जातो. पादत्राण घालून, हात सैल सोडून उभे राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी. चाकाच्या खुर्चीची पायटेक खाली करता येत नसेल तर गुडघे वर येतात आणि टाचांच्या मागची बाजू घासते. ती वेल्डिंग करणाऱ्याकडून लांबवून घ्यावी. आखूड पलंगाच्या पायथ्याची फळी काढून तेथे त्याच उंचीचे बाक आणि त्यावर गादी लावावी, म्हणजे घोट्यामागची शीर रात्रभर लाकडाच्या कडेवर दाबली जाणार नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये नमूद केलेल्या २१ प्रकारांत खुजेपणा आहे, महाकायता नाही. मला ही उणीव खटकते. तरीही चालण्यावर मर्यादा आली असेल तर चलनविषयक दिव्यांगत्वाखाली तपासणी मागता येते आणि प्रमाणपत्र मिळाल्यास यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, हे कार्डही मिळते. त्या तपासणीला जाताना तारखा घातलेले पावलांचे आराखडे, क्ष-किरण फोटो, संवेदनेच्या तपासणीचा अहवाल आणि नेहमीचे पादत्राण व ब्रेस सोबत न्यावेत, आणि डॉक्टरांनी केवळ उंची मोजून न थांबता प्रत्यक्ष चालून दाखवू द्यावे, अशी विनंती करावी.